लेत्नाच्या टेकडीवरचा स्टालिन: एक पुतळा चढला कसा आणि उतरला कसा

प्राग शहरात व्हल्टावा नदीच्या डाव्या काठावर लेत्ना नावाची टेकडी आहे. जुन्या शहराच्या चौकातून निघालेला एक रुंद रस्ता सरळ नदीकडे जातो, पूल ओलांडतो आणि या टेकडीच्या पायथ्याशी संपतो. तिथून दगडी पायऱ्या वर चढतात. पायऱ्यांच्या माथ्यावर 1 मे 1955 रोजी जोसेफ स्टालिनच्या स्मारकाचं अनावरण झालं. शिल्पाची उंची साडेपंधरा मीटर, लांबी 22 मीटर, वजन सुमारे 17,000 टन. त्या काळी युरोपातलं सर्वांत मोठं समूहशिल्प अशी त्याची ख्याती होती. 6 नोव्हेंबर 1962 रोजी शेवटचे सुरुंग उडाले आणि टेकडीवर फक्त चौथरा उरला. म्हणजे उणीपुरी साडेसात वर्षं.

पुतळ्यांवरून वाद पेटला की दोनच प्रश्न विचारले जातात: ठेवायचा की काढायचा? प्रागच्या या प्रकरणात पुतळा काढला गेला, आणि तो काढला हे शंभर टक्के योग्य झालं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही हे प्रकरण मला वर्षानुवर्षं छळत आलं आहे. कारण तो ज्या रीतीनं चढवला त्याच रीतीनं उतरवला गेला. वरून हुकूम आला, खालच्यांनी तो पाळला आणि सामान्य माणसाला कुणी काही विचारलं नाही. पुतळा हलला, तो उभा करणाऱ्यांचा हिशेब मात्र कुणी मांडला नाही. कुठे काय चुकलं हे नीट पाहायचं तर सुरुवात जागेपासून करावी लागते.

रस्ता जिथे अडतो ती जागा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रागनं जुन्या शहरातली योसेफोव्ह ही ज्यू वस्ती मोठ्या प्रमाणावर पाडली आणि तिथून एक भपकेबाज रस्ता काढला. आज त्याला पॅरिसचं नाव आहे. 1908 मध्ये त्या रेषेत पूल झाला. पण पुलापलीकडे टेकडी उभी. टेकडी कापून रस्ता पुढे न्यावा, बोगदा काढावा, की वर एखादी भव्य इमारत बांधावी, यावर नगररचनाकारांनी कित्येक वर्षं डोकेफोड केली. ठोस काही घडलं नाही. शहराच्या ऐन मध्यावरून, कुठूनही नजर टाकली तरी जिथे जाऊन ठेपेल अशी जागा मोकळी राहिली.

अशी जागा सत्तेच्या नजरेतून सुटणं कठीण. फेब्रुवारी 1948 मध्ये कम्युनिस्ट नेते क्लेमेंट गॉटवाल्ड यांनी याच जुन्या चौकातल्या किन्स्की राजवाड्याच्या सज्जातून जमावापुढे भाषण केलं आणि काही दिवसांत चेकोस्लोव्हाकियाची सत्ता पूर्णपणे पक्षाच्या हाती आली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर 1949 मध्ये, स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवसाचं निमित्त साधून लेत्नावर कोनशिला बसवली गेली. चौकातून निघालेल्या रस्त्याच्या टोकाला आता स्टालिन उभा राहणार होता. शहराची रचना ज्यांनी पाहिली आहे त्यांना यातली ताकद लगेच कळेल. घरातून बाहेर पडलेल्या माणसाला पुतळा टाळताच येऊ नये, अशी ती निवड होती.

स्पर्धा आणि श्वेत्स

स्मारकासाठी 1949 मध्ये स्पर्धा झाली. पन्नासहून अधिक शिल्पकारांनी नमुने दिले. एरवी अशा स्पर्धेत भाग घेणं न घेणं ही कलावंताची मर्जी असते. पण तेव्हाचा काळ आठवा. 27 जून 1950 रोजी मिलादा होराकोव्हा या माजी खासदार बाईंना खोट्या खटल्यात फाशी दिली गेली. नोव्हेंबर 1952 मध्ये खुद्द पक्षाचे माजी सरचिटणीस रुडॉल्फ स्लान्स्की यांच्यासह चौदा जणांवर खटला चालला आणि 3 डिसेंबरला त्यातले अकरा जण फासावर गेले. अशा दिवसांत ‘मी स्टालिनचा पुतळा करत नाही’ असं म्हणणाऱ्या शिल्पकाराच्या नकाराला आपोआप राजकीय अर्थ चिकटणार, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

निवड झाली ती ओताकार श्वेत्स यांची. त्यांच्यासोबत यिर्झी श्टुर्सा आणि व्लास्ता श्टुर्सोव्हा हे वास्तुविशारद होते.

श्वेत्स यांच्याविषयी जरा थांबून बोललं पाहिजे, कारण या प्रकरणात दगडाइतकाच भार या एका माणसावर पडला. जन्म 1892 चा. मिस्लबेक आणि यान श्टुर्सा या चेक शिल्पकलेतल्या दिग्गजांच्या हाताखाली ते शिकले. 1924 च्या सुमाराला त्यांनी एक मोटरसायकलस्वार घडवला. वळणावर झुकलेली गाडी, तिच्यावर जवळजवळ आडवा झालेला माणूस, दोघांचे आकार एकमेकांत विरघळलेले. चाक कुठे संपतं आणि वारा कुठे सुरू होतो ते सांगता येऊ नये. ब्राँझसारख्या जड धातूतून वेग काढणारा हा हात होता. आणि याच हाताला पुढे सतरा हजार टनांचा, जागचा न हलणारा ठोकळा करावा लागला. हे दोन्ही एकाच माणसाचं काम आहे, हे मनाला पटवून घ्यावं लागतं.

श्वेत्स यांनी पूर्वी टोमाश मसारिक यांचीही शिल्पं केली होती. मसारिक म्हणजे चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. देशभर त्यांचे पुतळे होते. नाझी अंमलात ते हटवले गेले, 1945 नंतर बरेचसे परत बसवले गेले आणि 1948 नंतर पुन्हा हटवले जाऊ लागले. म्हणजे आपण घडवलेला नेता सत्ता बदलली की खाली उतरतो, ही गोष्ट श्वेत्स यांच्या पिढीच्या शिल्पकाराला कुणी शिकवायची गरज नव्हती. लेत्नावर काम करताना हे त्यांच्या मनात नसेल, असं मला वाटत नाही.

त्यांची कल्पना अशी होती: स्टालिन एकटा नाही, त्याच्यामागे माणसं आहेत. पुढे स्टालिन, एक हात कोटाच्या आत खुपसलेला. त्याच्यामागे दोन रांगा. एका बाजूला सोव्हिएत जनता, दुसऱ्या बाजूला चेकोस्लोव्हाक जनता. कामगार, शेतकरी, वैज्ञानिक, सैनिक असे प्रत्येक थराचे प्रतिनिधी एकामागे एक उभे. परीक्षकांना ही कल्पना आवडली. एकट्या उंच पुतळ्यापेक्षा हा समूह टेकडीच्या लांबट कडेवर शोभेल हेही खरं होतं. शिल्पशास्त्राच्या दृष्टीनं पाहिलं तर जागेचं गणित श्वेत्स यांनी अचूक मांडलं होतं.

पण ज्या दिवशी नमुना निवडला गेला त्या दिवशी तो त्यांच्या हातातून गेला. पुढची पाचेक वर्षं हे काम शिल्पकाराचं कमी आणि समित्यांचं जास्त होतं. चेहरा, पवित्रा, मागच्या माणसांचा क्रम, सगळ्यावर वरिष्ठांची नजर होती. दगड आला लिबेरेत्स भागातून, ग्रॅनाइट. आत प्रबलित काँक्रीटचा गाभा आणि बाहेर घडवलेल्या चिऱ्यांचं कवच. टेकडीची कडा एवढं वजन सहजासहजी पेलणारी नव्हती, म्हणून चौथऱ्याखाली काँक्रीटची मोठमोठी दालनं बांधावी लागली. ती दालनं पुढे या गोष्टीत परत येतात.

थांबता आलं असतं असा पहिला क्षण

5 मार्च 1953 रोजी स्टालिन वारला. गॉटवाल्ड मॉस्कोला अंत्यविधीला गेले, परतले आणि 14 मार्चला तेही गेले. लेत्नावरचं काम तेव्हा ऐन भरात होतं.

जूनच्या पहिल्या तारखेला सरकारनं चलनबदल केला. लहानशी रक्कम पाचास एक दरानं बदलून मिळाली, त्यावरच्या रोख पैशाला पन्नासास एक. आयुष्यभर गाठीला बांधलेलं एका दिवसात मातीमोल झालं. काहीच दिवस आधी, असं काही होणार नाही, असं खुद्द राष्ट्राध्यक्ष आंतोनिन झापोतोत्स्की यांनी आकाशवाणीवरून सांगितलं होतं. प्ल्झेन शहरात कामगार रस्त्यावर उतरले, नगरभवनात घुसले आणि स्टालिन-गॉटवाल्ड यांचे अर्धपुतळे खिडकीतून खाली फेकले गेले. ज्या कामगाराच्या नावानं लेत्नावर दगड रचला जात होता, त्यानंच आपलं मत इतक्या स्पष्टपणे नोंदवलं होतं.

तरी काम थांबलं नाही. इथे प्रकरणाचा पहिला धागा हाती लागतो. जो नेता गेला, ज्याचे वारस आपसात झगडत आहेत, ज्याच्या नावाची किंमत उद्या काय राहील हे मॉस्कोतही कुणी सांगू शकत नाही, त्याचं स्मारक पुरं करण्याचा हट्ट कशासाठी? माझं उत्तर असं: थांबवायला कुणीतरी ‘थांबवा’ म्हणावं लागतं, आणि तसं म्हणणाऱ्याला ते का म्हटलं याचं कारण द्यावं लागतं. प्रागच्या नेतृत्वात ते कारण उच्चारायची कुणाचीच टाप नव्हती. चालू ठेवण्यासाठी मात्र कुणालाच काही बोलायची गरज नव्हती. सरकारी यंत्रणेत जिनं आयुष्य काढलं आहे अशा कुठल्याही व्यक्तीला ही अवस्था ओळखीची वाटेल. चुकीच्या कामावर सही करणारे सगळे असतात, आणि ते मागे घेणारी सही कुणाचीच नसते.

अनावरणाच्या काही आठवडे आधी श्वेत्स यांनी आपलं आयुष्य संपवलं. त्यांच्या पत्नीनंही त्याआधी तोच मार्ग धरला होता. त्यांच्या मनात काय होतं यावर पुढे पुष्कळ कथा रचल्या गेल्या. त्या मी इथे सांगणार नाही. गेलेल्या माणसाच्या तोंडी शब्द घालण्याचा हक्क आपल्याला नाही. एवढंच नोंदवतो की 1 मे 1955 रोजी टेकडीखाली बँड वाजत होता, झेंडे फडकत होते, आणि ज्याच्या बोटांतून ती कल्पना निघाली तो माणूस तिथे नव्हता.

रांग

प्रागकरांनी स्मारकाला लगेच नाव ठेवलं: ‘मांसाची रांग’. एकामागे एक उभी असलेली माणसं, सगळ्यांचं तोंड एकाच दिशेला. टंचाईच्या दिवसांत खाटकाच्या दुकानापुढे लोक असेच उभे राहत. स्टालिनचा कोटात गेलेला हात पाहून तो पाकीट काढतो आहे, असंही म्हटलं जाई.

ही थट्टा मला हलकी वाटत नाही. लोकांना विचारलं गेलं नव्हतं, तेव्हा लोकांनी मिळाला त्या मार्गानं आपला अभिप्राय दिला. चौथऱ्यावर काहीही कोरा, त्या दगडाला नाव काय द्यायचं ते गल्लीतल्या माणसानं ठरवलं. आणि त्या नावात शिल्पाचं खरं वाचन आहे. श्वेत्स यांच्या रचनेत मागची माणसं पुढच्याच्या पाठीमागे नुसती उभी आहेत; त्यांना स्वतःचं असं काही करायचं नाही. जनता दाखवायची होती, दिसली रांग.

सहा वर्षं आणि आठ महिने

25 फेब्रुवारी 1956. अनावरणाला वर्षही झालेलं नव्हतं. मॉस्कोत सोव्हिएत पक्षाच्या विसाव्या अधिवेशनात, बंद दारांआड, निकिता ख्रुश्चेव्ह यांनी स्टालिनच्या व्यक्तिपूजेवर आणि त्याच्या गुन्ह्यांवर भाषण केलं. भाषण गुप्त होतं, पण अशी गोष्ट दडून राहत नाही.

प्रागमध्ये हालचाल झाली. एप्रिल 1956 च्या लेखक परिषदेत कवी यारोस्लाव्ह सायफर्त यांनी, लेखकांनी राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी व्हावं, असं बोलून दाखवलं. मे महिन्यात विद्यार्थ्यांच्या पारंपरिक मिरवणुकीत सरकारवर टीका करणारे फलक निघाले. संरक्षणमंत्री आलेक्सेई चेपिच्का, म्हणजे गॉटवाल्ड यांचे जावई, यांना व्यक्तिपूजेचं खापर डोक्यावर घेऊन पायउतार व्हावं लागलं. एक माणूस गेला. सतरा हजार टन तसेच राहिले.

मग 23 ऑक्टोबरला हंगेरीत सोव्हिएत वर्चस्वाविरुद्ध बुडापेस्ट पेटलं. तिथे 1951 मध्ये बसवलेला आठ मीटरचा ब्राँझचा स्टालिन होता. लोकांनी त्याला दोर लावले, गुडघ्याजवळ धातू कापला आणि रात्री तो खाली आला. चौथऱ्यावर फक्त बूट उरले. दोन आठवड्यांत सोव्हिएत रणगाडे परत शहरात शिरले. ते बूट जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले आणि प्रागच्या नेत्यांनीही ते पाहिले असणार. पुतळ्याला हात लावला की पुढे काय सुरू होईल याचा नेम नाही, असा धडा त्यांनी घेतला असावा, असा माझा कयास आहे; कारण त्यानंतर कित्येक वर्षं या विषयावर चिडीचूप.

या चिडीचूपीमागे आणखी एक कारण होतं, आणि माझ्या मते तेच मुख्य. आंतोनिन नोवोत्नी 1953 पासून पक्षाचे पहिले सचिव होते आणि 1957 मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांची पिढी 1950 च्या दशकातल्या खटल्यांच्या काळात वर आलेली. त्या खटल्यांचा फेरविचार करायला 1955 मध्ये एक समिती नेमली होती. तिनं काही शिक्षा कमी केल्या, पण मूळ आरोप खोटे होते हे मान्य केलं नाही. स्टालिन गुन्हेगार ठरला असता तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: प्रागमध्ये त्याचं काम कुणी केलं? पुतळा त्या प्रश्नावर बसला होता. तो उचलला की खालचं दिसणार.

ऑक्टोबर 1961 मध्ये मॉस्कोतल्या बाविसाव्या अधिवेशनात स्टालिनवर या वेळी उघड टीका झाली. महिन्याच्या शेवटच्या रात्री त्याचा देह लेनिनशेजारून उचलून क्रेमलिनच्या भिंतीपाशी पुरला गेला. नोव्हेंबरात स्टालिनग्राडचं व्होल्गोग्राड झालं. पूर्व बर्लिनमधला स्टालिन एका रात्रीत नाहीसा झाला आणि त्याच रात्री रस्त्याच्या पाट्याही बदलल्या. आता लेत्नावर तो उभा ठेवणं हीच मॉस्कोची अवज्ञा ठरू लागली. इतकी वर्षं जे हात लावायला धजत नव्हते, त्यांना आता न लावण्याची भीती वाटू लागली.

सुरुंग

बर्लिनचा पुतळा ब्राँझचा होता. ट्रकवर चढवून नेता आला. लेत्नाचा डोंगर हलवणं शक्य नव्हतं. टिकावा म्हणूनच तो तसा बांधला होता. खाली नदी, पूल, पलीकडे दाट वस्ती. एका दणक्यात उडवला तर शहराच्या काचा फुटल्या असत्या. म्हणून शिल्पाभोवती लाकडी परांची उभी राहिली, दगडात भोकं पाडली गेली आणि 1962 च्या शरद ऋतूत टप्प्याटप्प्यानं सुरुंग लावले गेले. शेवटचा टप्पा 6 नोव्हेंबरचा.

काम निमूट उरकायचा हुकूम होता. फोटो काढायला बंदी. वर्तमानपत्रांनी गाजावाजा केला नाही. पण शहराच्या मधोमध, टेकडीच्या माथ्यावर, पुलापुलावरून दिसेल अशा ठिकाणी सतरा हजार टन दगड कसा लपवणार? धमाके अख्ख्या गावानं ऐकले. धुळीचे लोट वर चढताना लोकांनी पाहिले. काहींनी खिडकीच्या पडद्याआडून फोटो घेतलेच, आणि आज आपल्याला जी चित्रं दिसतात त्यातली काही अशी चोरून काढलेली आहेत.

मला या घटनेतला हा भाग सर्वांत जास्त खुपतो. एका जुलमी माणसाचा पुतळा खाली येतो आहे. ज्यांचे वडील, भाऊ, नवरे युरेनियमच्या खाणींतल्या सक्तमजुरीच्या छावण्यांत खितपत पडले, अशी माणसं त्याच शहरात राहतात. त्यांना त्या दिवशी तिथे उभं राहायचा हक्क होता. कुणीतरी त्यांच्यासमोर बोलायला हवं होतं: आम्ही हे का बांधलं, आज का पाडतो आहोत, आणि मधल्या काळात तुमचं काय झालं. त्याऐवजी त्यांना सांगण्यात आलं की तिकडे पाहू नका. उभारताना पाहण्याची सक्ती होती, पाडताना न पाहण्याची.

त्याच वर्षी विटकोव्ह टेकडीवरच्या स्मारकात जतन करून ठेवलेला गॉटवाल्ड यांचा देह काढून त्याचं दहन झालं. शहरातल्या ज्या हमरस्त्याला 1946 पासून स्टालिनचं नाव होतं, तो विनोह्राद्स्का झाला. सगळं एका वर्षात, सगळं शांतपणे. खटल्यांच्या फेरतपासासाठी नवी समिती 1962 मध्येच बसली, हे नमूद करायला हवं; तिच्या कामातून पुढे स्लान्स्की आणि इतरांच्या शिक्षा रद्द झाल्या. पण ज्यांच्यावर बोट रोखलं जायला हवं होतं त्यातले बहुतेक खुर्चीतच राहिले. नोवोत्नी स्वतः 1968 पर्यंत.

उतरवण्याच्या तीन रीती

बुडापेस्ट, बर्लिन आणि प्राग. एकाच माणसाचे तीन पुतळे, तीन तऱ्हांनी गेले. बुडापेस्टात लोकांनी पाडला. त्याची जबर किंमत मोजली, पण तिथे बूट हीच एक निशाणी झाली आणि ती कुणाची कृती होती याबद्दल शंका राहिली नाही. बर्लिनमध्ये प्रशासनानं रातोरात उचलला. सकाळी उठून पाहावं तर रिकामी जागा. प्रागनं बर्लिनचीच रीत धरली, फक्त दगड इतका मोठा होता की एका रात्रीऐवजी अनेक आठवडे लागले.

या तुलनेत चौथं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, आणि तेही प्रागचंच. 1980 मध्ये शहराच्या सहाव्या विभागात सोव्हिएत मार्शल इव्हान कोनेव्ह यांचा पुतळा बसवला होता. मे 1945 मध्ये कोनेव्ह यांच्या फौजा प्रागमध्ये शिरल्या, हे खरं. 1956 मध्ये हंगेरीचा उठाव चिरडणाऱ्या सैन्याचे तेच प्रमुख होते, हेही खरं. 2018 मध्ये स्थानिक प्रशासनानं चौथऱ्यावर माहितीफलक लावले आणि त्यात दोन्ही गोष्टी लिहिल्या. रशियन बाजूनं आक्षेप आले, पुतळ्यावर वारंवार रंग फेकला गेला, बाजूनं-विरोधात सभा झाल्या. 2019 च्या सप्टेंबरात निवडून आलेल्या स्थानिक प्रतिनिधींनी मतदान करून तो हलवायचं ठरवलं आणि एप्रिल 2020 मध्ये क्रेननं उचलला. वाद मिटला असं नाही. मॉस्कोशी संबंध आणखी बिघडले. पण निर्णय कुणाचा, कधीचा, कोणत्या कारणानं, हे सगळं नावानिशी नोंदलेलं आहे. ज्याला चूक वाटतं तो त्या प्रतिनिधीला पुढच्या निवडणुकीत जाब विचारू शकतो. लेत्नाच्या स्टालिनबाबत असा जाब विचारायला एकही नाव पुढे नव्हतं, ना चढवताना, ना उतरवताना.

काहीजण म्हणतील की 1962 च्या राजवटीत मतदान कुठलं आणि खुली चर्चा कुठली. बरोबर आहे. पण म्हणूनच त्या पाडकामाला ‘स्टालिनवादाचा शेवट’ म्हणणं मला मान्य नाही. ते स्टालिनच्याच पद्धतीनं केलेलं स्टालिनचं पाडकाम होतं. सहा वर्षांनी, ऑगस्ट 1968 मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागच्या रस्त्यांवर आले तेव्हा टेकडीवर पुतळा नव्हता. रणगाड्यांचं त्यावाचून काही अडलं नाही.

चौथरा

सुरुंगांनी शिल्प गेलं. पायऱ्या, चौथरा आणि खालची काँक्रीटची दालनं राहिली. ती फोडणं आणखी जिकिरीचं होतं. त्या रिकाम्या माथ्याचं काय करायचं हे पुढची जवळजवळ तीस वर्षं कुणी ठरवलं नाही.

25 आणि 26 नोव्हेंबर 1989 ला लेत्नाच्या मैदानावर लाखो लोक जमले. त्याच टेकडीवर, पण या वेळी कुणी हुकूम दिला म्हणून नाही. थंडीत, बर्फात उभं राहून त्यांनी राजवटीचे विरोधक नाटककार वात्सलाव हावेल यांचं भाषण ऐकलं आणि राजवट कोसळली. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात काही तरुणांनी चौथऱ्याखालच्या त्या दालनांतून परवान्याशिवाय एक रेडिओ केंद्र सुरू केलं. नाव ठेवलं ‘रेडिओ स्टालिन’. ज्या काँक्रीटवर तो उभा होता त्याच्या पोटातून आता संगीत बाहेर येत होतं. हेच केंद्र पुढे रीतसर परवाना घेऊन ‘रेडिओ 1’ या नावानं चालू राहिलं.

1991 मध्ये वरती व्रातिस्लाव्ह कारेल नोव्हाक यांचा प्रचंड मेट्रोनोम बसला. संगीत शिकताना ताल धरायला वापरतात त्या यंत्रासारखा, लांब लाल काटा असलेला. 1996 मध्ये मायकल जॅक्सनच्या जागतिक दौऱ्याची सुरुवात लेत्नावरून झाली तेव्हा त्याच्या जाहिरातीसाठी त्याचा भलामोठा पुतळा काही दिवस याच परिसरात उभा होता. तो गेला, मेट्रोनोम राहिला.

चौथऱ्याचे ग्रॅनाइटचे गुळगुळीत तक्ते स्केटबोर्ड चालवणाऱ्या पोरांना फार भावले. संध्याकाळी तिथे चाकांची खडखड चालू असते, फळी दगडाच्या कडेवर आदळल्याचा आवाज येतो, कडा घासून घासून चकचकीत झाल्या आहेत. वरून गेलेल्या एका तारेवर जुने बूट नाडीनं बांधून लटकवलेले असतात. खाली नदी, पूल, आणि पॅरिसच्या नावाचा रस्ता थेट जुन्या चौकापर्यंत. मेट्रोनोमचा काटा कधी चालू असतो, कधी बंद. सरकारदरबारी त्या जागेची ओळख मेट्रोनोमची आहे. पण प्रागचा तरुण मित्राला फोन करतो तेव्हा म्हणतो, ‘संध्याकाळी स्टालिनपाशी भेटू.’